चार दिवसांची फेरी

माझ्या उजव्या हातावर माझा पूर्ण विश्वास नाही. सत्तावीस वर्षं ज्या बाईनं याच हातानं मोजमापं घेऊन पगार खाल्ला, तिनं असं लिहावं हे विचित्र वाटेल. पण तुमच्या अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणालात. बाकीच्या गमतीजमती लिहायच्या आणि नेमकं हे गाळायचं, तर मग लिहायचंच कशाला?

मी रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत धातू तपासणीच्या एका लहान लॅबमध्ये होते. मालक कदमसाहेब, मूळचे साताऱ्याकडचे. माझं घर तळवलीला, चालत पंचवीस मिनिटांवर. आमच्या शेतांवर कारखाने उभे राहिले आणि त्या कारखान्यांचं लोखंड तपासायला शेतवाल्यांचीच पोरगी बसली, असं गावात म्हणायचे. म्हणोत. त्या वेळी फिजिक्स शिकलेली आमच्या आळीत मी एकटीच होते आणि मला त्याचा चांगलाच माज होता.

काम काय होतं ते आधी सांगते. लोखंडाचा तुकडा यायचा. त्यात क्रोमियम किती, मँगेनीज किती, निकेल आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला हवं असायचं. आम्ही त्या तुकड्यावर ठिणगी पाडायचो. ठिणगीत जळणारा प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा उजेड टाकतो. तो उजेड प्रिझममधून पसरवून काचेच्या फोटो-प्लेटवर घेतला, की तिच्यावर शेकडो बारीक काळ्या उभ्या रेघा उमटतात. कुठली रेघ कुणाची हे जागेवरून कळतं. क्रोमियमची रेघ क्रोमियमच्याच जागी येणार. ती मँगेनीजच्या जागी कधीही येणार नाही. लोखंडाच्या रेघा तर मला शेजाऱ्यांच्या दारांसारख्या पाठ होत्या.

ही जागा मोजायचं यंत्र म्हणजे कंपॅरेटर. काळ्या पडद्याआडची छोटी खोली, खालून उजेड येणारं टेबल, त्यावर प्लेट, वर भिंग. भिंगात केसासारखी बारीक उभी तार दिसते. उजव्या हातानं स्क्रू फिरवला की प्लेट सरकते. रेघ बरोबर तारेखाली आली की थांबायचं आणि आकडा वाचून लिहायचा. मिलीमीटरचा हजारावा भाग. दुपारी पारसिकच्या डोंगरात खाणवाले सुरुंग लावायचे, तेव्हा टेबल थरथरायचं. भोंगा ऐकला की मी डोळा वर घ्यायची, धमाका होऊन जाऊ द्यायची आणि पुन्हा वाकायची. त्या खोलीत तासन्‌तास बसलं की बाहेर दिवस आहे हे विसरायला व्हायचं.

एक नियम कदमसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. "मॅडम, आकडा आधी लिवायचा. विचार मागनं करायचा." मला तेव्हा तो अडाणी नियम वाटला होता.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. उरणजवळच्या मोऱ्याचा एक कोळी एकदा पितळेचा तुकडा घेऊन आला. जाळ्यात आलेला, बोटीच्या पंख्याचं तुटकं पातं. त्याच्या भावाची बोट आधीच्या पावसाळ्यात गेली होती, ना माणूस मिळाला ना फळकूट. त्याच पंख्याचं जुनं काढलेलं एक पातं घरी पडलेलं, तेही त्यानं आणलं होतं.

"ताई, यो तुकरा त्याच पंख्याचा हाय का? हय का नाय, येवराच सांग."

दोन्ही पात्यांच्या प्लेटी घेतल्या. कथिल, शिसं आणि एक अगदी पुसट आर्सेनिकची रेघ, दोन्हीकडे सारखी. दोन्ही पाती एकाच ओतकामातली आहेत, असं मी सांगितलं. त्यानं रिपोर्टचा कागद मागितलासुद्धा नाही. तुकडा फडक्यात बांधला, पोटाशी धरला आणि निघून गेला. घरी जाताना मला वाटलं होतं, जे कुणाला दिसलं नाही ते मला दिसलं. त्या दिवशी मी फार खूश होते. आता ती आठवण आली की बरं वाटत नाही. का ते पुढे येईल.

पुढे नवं मशीन आलं. त्यात प्लेट नाही, भिंग नाही, आकडे थेट छापून येत. कंपॅरेटरवर प्लास्टिक टाकलं गेलं. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात एका दुपारी परचुरे सर आले, ते त्या प्लास्टिकखालच्या यंत्राची चौकशी करत.

सर दक्षिणेतल्या एका वेधशाळेत आयुष्य घालवून निवृत्त झाले होते. वाशीला सेक्टरमधल्या एका फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. उंच, स्वच्छ शर्ट, हातात काठी. मी नमस्कार केला तर ते माझ्याशी बोलू लागले, पण बघत होते माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडे. मी वळून बघितलं. मागे भिंत होती. ते बोलतच राहिले, हसले, मान डोलावली, सगळं त्या रिकाम्या जागेकडे बघून.

मग त्यांनीच सांगितलं. डोळ्यांचा मधला भाग गेला होता, कडेचं तेवढं दिसत होतं. माणूस दिसायला हवा असेल तर त्याच्या शेजारी बघावं लागायचं. हे कळल्यावरही सवय व्हायला मला वेळ लागला. पुढचे चार महिने सर माझ्याशी बोलले की माझ्याजवळ आणखी कुणीतरी उभं आहे असंच वाटायचं.

कदमसाहेबांनी लगेच हो म्हटलं. "मशीन असं बी पडूनच हाय. म्हात्रे मॅडम, दुपारनंतर सरांचं काम करा. आपलं काय टेन्शन नाय."

सरांचं काम म्हणजे तीन लाकडी डबे. त्यात त्यांनी स्वतः नोकरीत असताना घेतलेल्या ताऱ्याच्या प्लेटी. वेधशाळेनं त्या चार महिन्यांसाठी दिल्या होत्या. मुदत संपली की परत कोठारात जाणार होत्या, आणि सरांच्या डोळ्यांना आता भिंगातली रेघ दिसत नव्हती. म्हणजे त्यांच्यासाठी ही शेवटचीच वेळ होती.

"तारा श्वेत बटू आहे," पहिल्या दिवशी काळोख्या खोलीत बसून त्यांनी सांगितलं. "म्हणजे मेलेला तारा. इंधन संपलं, आता नुसता निखारा उरलाय. आकार पृथ्वीएवढा आणि वजन जवळपास सूर्याचं."

"मग मोजायचं काय, सर?"

"त्याच्याभोवती कुणी फिरतंय का ते. गुरूपेक्षाही पुष्कळ मोठा ग्रह. तो दिसणार नाही. पण तो फिरताना ताऱ्याला ओढतो. तारा आपल्याकडे येतो तेव्हा रेघ निळ्या बाजूला सरकते, लांब जातो तेव्हा तांबड्या बाजूला. तुला फक्त रेघ कुठे आहे ते सांगायचं."

"मेलेल्याभोवती कोण फिरेल, सर?"

"तारा मरताना आधी फुगतो. जवळचे ग्रह गिळून टाकतो. मग विझतो, लहान होतो." ते भिंतीकडे बघत होते. "मला वाटतं, सगळं शांत झाल्यावर लांबचा कुणीतरी हळूहळू आत आला. मेल्यानंतर. आता अगदी जवळून फिरतोय."

हे त्यांनी वेधशाळेत असताना एका बैठकीत बोलून दाखवलं होतं, तेव्हा लोक तोंडावर हसले होते. एवढा अजस्र ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ असूच शकत नाही, असं तेव्हा सगळे धरून चालले होते. आमच्या त्या उन्हाळ्यानंतर दोनच वर्षांनी एका जिवंत ताऱ्याभोवती जेमतेम चार दिवसांत फेरी मारणारा अजस्र ग्रह परदेशात खरंच सापडला. पण त्या उन्हाळ्यात सर एकटे होते.

प्लेटवर मधोमध ताऱ्याची पट्टी, आणि तिच्या वर नि खाली तुलनेसाठी घेतलेल्या लोखंडाच्या ठिणगीच्या रेघा. त्या ओळखीच्या रेघा बघून मला हायसं वाटलं. ताऱ्याची रेघ मात्र ओळखीची नव्हती. लोखंडाच्या रेघा काळ्या, ही उलट पांढरट, कारण तिथे उजेड कमी पडलेला. हायड्रोजनची ती रेघ रुंद, कडा विरलेल्या. त्या ताऱ्यावरचा दाब इतका की रेघसुद्धा फुगून पसरते. तिच्या अगदी मधे एक बारीक धार होती, तीच मोजायची. धार कधी दिसायची, कधी नाही. भिंगात एकटक बघत राहिलं की रुंद पांढऱ्या पट्ट्यात काहीतरी हलतंय असा भास व्हायचा, आणि डोळा मिटून उघडला की काही नसायचं.

मोजणाऱ्याला तारखा कळता कामा नयेत, ही सरांची अट होती. कुठल्या दिवशी रेघ कुठे असायला हवी हे कळलं की माणूस तिथेच बघतो. प्रत्येक प्लेटच्या कोपऱ्यात तारीख लिहिलेली होती. नजर पूर्ण जायच्या आधी, वेधशाळेत असतानाच, सरांनी स्वतः त्या कोपऱ्यांवर काळ्या कागदाच्या पट्ट्या डकवल्या होत्या, प्लेटींना उलटसुलट नंबर दिले होते आणि प्रत्येक डब्याची यादी वेगळ्या बंद पाकिटात ठेवली होती. डबा मोजून झाला की पाकीट फोडायचं.

सर खोलीत माझ्या मागे खुर्चीवर बसायचे. काळोखात त्यांना माझ्यापेक्षा कमी अडचण होती. स्क्रूचे आवाज ऐकत बसायचे आणि मधेच म्हणायचे, "पुढे गेलीस. आता मागे आलीस. पुन्हा पुढे." मी रेघ शोधत चाचपडत असायची आणि त्यांना ते सगळं ऐकू येत असायचं.

पहिल्या डब्यात नऊ प्लेटी होत्या. पाकीट फोडून मी आलेख काढला. नऊ टिंबं. ती सरळ रेषेत नव्हती. नीट बघितलं तर वर जाऊन खाली येणारी लाट दिसत होती. चार दिवसांची फेरी. मी सरांचा हात धरून त्यांचं बोट त्या टिंबांवरून फिरवलं. त्यांचं बोट कापत होतं.

"नऊ टिंबं म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले. पण त्या दिवशी घरी जाताना काठी विसरून गेले.

दुसऱ्या डब्याच्या वेळी श्रावण आला होता. खाडीवरची दमट हवा, खोलीत पंखा चालत नसे कारण प्लेट हलते. डिंक सुटला. सकाळी डबा उघडला तर निम्म्या पट्ट्या गळून पडलेल्या. मी एकेक पट्टी घेऊन पुन्हा चिकटवली. चिकटवताना तारखा दिसल्या. दिसू नयेत म्हणून मी डोळे मिटले नाहीत, हे कबूल करते. सरांना सांगायला हवं होतं. त्यांनी तो डबाच बाद केला असता. मुदतीला दोन महिने उरलेले, आणि त्या कापणाऱ्या बोटाची आठवण. मी गप्प बसले. मनात म्हटलं, मी कुठे तारखा लक्षात ठेवणार आहे?

माझा हिशोब लहानपणापासून पक्का. प्लेटी लागोपाठच्या दिवसांच्या होत्या. चार दिवसांची फेरी, म्हणजे दोन दिवसांनी रेघ दुसऱ्या टोकाला. यासाठी वेगळा विचार करावा लागत नव्हता.

मी शपथेवर सांगते, एकही आकडा मी खोटा लिहिला नाही. स्क्रू जिथे थांबला तिथलाच आकडा वाचला. दुसऱ्या डब्याचा आलेख निघाला तेव्हा लाट इतकी स्वच्छ होती की मी ओरडलेच. सर एवढंच म्हणाले, "हल्ली तू मागे येत नाहीस. एकदम जाऊन थांबतेस."

"सवय झाली, सर."

"हं," ते म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी मला जुन्या सहकाऱ्याला पत्र लिहायला सांगितलं. निकाल लवकरच पाठवतो, बैठकीत वाचायची व्यवस्था करावी. ज्यांनी हसून घेतलं होतं त्यांच्यापुढेच.

तिसरा डबा देताना सर म्हणाले, "यात काही प्लेटी वेगळ्या ताऱ्याच्या आहेत. तोही श्वेत बटू, दिसायला तसाच. पण तो एकटा आहे, त्याच्याभोवती कुणी नाही, हे पुष्कळांनी तपासलंय. कुठल्या ते मी सांगणार नाही. त्याची रेघ जागेवर राहिली की आपलं काम झालं."

पट्ट्या या डब्यातल्याही सुटल्या होत्या. मी त्याही चिकटवल्या.

पाकीट फोडलं तेव्हा सर समोर बसले होते, नजर माझ्या खांद्यापलीकडे. यादीवरून मी त्या एकट्या ताऱ्याच्या सहा प्लेटी वेगळ्या काढल्या आणि टिंबं मांडली. रेघ हलत होती. डावीकडे, मधे, उजवीकडे, मधे. चार दिवसांची फेरी. ज्याच्याभोवती कुणी नव्हतं, त्याच्याभोवतीही तेच फिरत होतं.

"स्थिर आहे ना?" सरांनी विचारलं.

"हिशोब चाललाय, सर," मी म्हणाले.

घरी आईनं चेहरा बघूनच विचारलं. तिला आधीपासूनच हे काम पसंत नव्हतं. "दिवसभर अंधारान बसाचा न मेलेल्याचा शोध घ्याचा, असला कसला काम?" असं ती रोज म्हणायची. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. जे हलायला नको तेही हलतंय, आणि त्याच चालीनं हलतंय.

आईनं भाकरी थापायची थांबवली. "चकवा लागला तुना," ती म्हणाली. "तुझे बापाला एकदा मिठागरान लागला होता. सरल चाललोय म्हनाचा न फिरून त्याच बांधावं येवाचा. तीन येला."

"मग?"

"मंग काय, बसला एके जागी. बाय, चकवा वाटेन नसतं. चालनाऱ्या मानसान असतं."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधली एक जुनी प्लेट काढली. साध्या लोखंडाची. तिच्यातली एकच रेघ धरली. लोखंडाची रेघ हलत नाही, तिला हलवणारं कुणी नाही. रोज दुपारी तीच रेघ मोजायची, आणि मोजायच्या आधी स्वतःला सांगायचं: आज ती डावीकडे असणार. परवा उजवीकडे. आठ दिवस मी हे केलं. सरांना तब्येतीचं कारण सांगितलं.

आठ दिवसांनी आलेख मांडला. लोखंडाची रेघ हलत होती. लाट लहान होती, पण तीच. काचेवर दहा वर्षांपूर्वी सुकून बसलेली रेघ माझ्या भिंगाखाली चार दिवसांनी एक फेरी मारत होती.

त्या खोलीत मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मी स्क्रूवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. तो माझाच होता. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्याला आपोआप कळलं होतं की कुणाला काय हवंय, आणि तो तिथे जाऊन थांबत होता.

यंत्र बिघडलं असेल, ही एक आशा उरली होती. कदमसाहेब पूर्वी स्वतः मोजायचे. त्यांना काही न सांगता मी ती प्लेट पुढे केली. चार दिवस चार वेळा मोजायला लावली.

"मॅडम, रेघ हाय तिथंच हाय की," ते वैतागून म्हणाले. "काय झालंय काय तुमाला?"

लोखंडाची काळी रेघ ते मोजू शकत होते. ताऱ्याची पुसट धार त्यांना दिसलीच नाही. मी दाखवली, त्यांनी डोळे बारीक केले आणि मान हलवली. आणि मुदतीला तीन दिवस राहिले होते.

त्या सगळ्या दिवसांत मला झोप नव्हती. मोऱ्याचा कोळी डोळ्यांपुढून हलेना. ती आर्सेनिकची पुसट रेघ मी खरंच दोन्ही प्लेटींवर बघितली होती, का तो दारात उभा होता म्हणून बघितली? कितीतरी रिपोर्ट असे आठवले. तुटलेले दांडे, तडकलेले पाइप, काळजीत उभी असलेली माणसं. त्यातले किती माझ्या हातानं लिहिले आणि किती लोखंडानं?

मी वाशीला गेले. भर दुपार, खाली सोसायटीत रंगकाम चाललेलं, बांबूंवरची माणसं मोठमोठ्यानं बोलत होती. सरांनी दार उघडलं आणि माझ्या शेजारी बघत म्हणाले, "ये, दोघं आत या."

मी मागे वळून बघितलं. "मी एकटीच आहे, सर."

"हो का? मला कडेला सावली दिसली." ते आत वळले. "बस."

मी सगळं सांगितलं. सुटलेल्या पट्ट्या, तारखा, एकट्या ताऱ्याची रेघ, लोखंडाची रेघ. सांगताना रडले. माफी मागितली. सर खुर्चीच्या दांड्यावर बोट घासत ऐकत होते. खाली रंगवाल्यांचा डबा पडला, कुणीतरी शिवी दिली, मग शांत झालं.

"मला माहीत होतं," सर म्हणाले.

"काय?"

"आधी तू शोधायचीस. पुढे जायचीस, मागे यायचीस. दुसऱ्या डब्यापासून तुझा हात सरळ जाऊन थांबायला लागला. ज्याला जागा आधीच ठाऊक आहे त्याचाच हात असा जातो. चाळीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं." त्यांनी बोटानं कान दाखवला. "डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. ऐकू येत होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मी तुला एकदाही विचारलं नाही, सुलभा. माफी कुणी मागायची?"

मी म्हटलं, "पहिल्या डब्याच्या नऊ प्लेटी खऱ्या आहेत, सर. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. ती टिंबंसुद्धा लाटेवरच आहेत."

"आहेत ना?" त्यांचा आवाज बदलला. क्षणभर वाटलं, ते उठून उभे राहतील. मग त्यांनी स्वतःलाच आवरलं. "नऊवर लाट कुणालाही काढता येते. तूच काढलीस, मीही काढली असती. बाकीच्या प्लेटी नव्यानं मोजायला हव्यात. माझे डोळे नाहीत आणि तुझा डोळा आता बाटला. एकदा कळलं की ते न कळल्यासारखं करता येत नाही."

मग त्यांनी कागद घ्यायला सांगितला. त्या जुन्या सहकाऱ्याला दुसरं पत्र. मी लिहीत गेले. प्लेटी मुदतीत परत पाठवत आहे. मोजमापं सदोष ठरल्यानं निकाल पाठवत नाही. दोष मोजणारीचा नसून, तिच्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी असलेल्याचा आहे. या ताऱ्याजवळ जोडीदार आढळला, असं म्हणता येत नाही. बैठकीतलं माझं नाव काढून टाकावं.

त्या शेवटच्या वाक्याशी माझं पेन थांबलं. सरांना ते ऐकू आलं. "लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं आणि सगळं वाचून दाखवलं. मी दुसरंही काही वाचू शकले असते, त्यांना कळलं नसतं. मग त्यांचं बोट धरून सहीच्या जागी ठेवलं. सही थोडी तिरकी आली.

"आता मोजमाप राहू दे बाजूला," सर म्हणाले. पेन अजून त्यांच्या हातात होतं. "चार महिने तू त्याच्याकडे बघत होतीस. माझ्यापेक्षाही जास्त. तुला काय वाटतं? आहे तो?"

माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं. तेच एक खरं उत्तर होतं.

"आहे, सर," मी म्हणाले.

सरांनी पेनाला टोपण लावलं. त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं, नेहमीसारखं शेजारी होतं, पण ते हसत होते. "मलाही तसंच वाटतं," ते म्हणाले. "म्हणून तर त्या प्लेटींना आपण दोघांनीही पुन्हा हात लावायचा नाही."

पत्राचं पाकीट त्यांनी चाचपडत माझ्या हातात दिलं. उतरताना मी ते खालच्या टपालपेटीत टाकलं.